शाळेत गोष्ट सांगायला गावातली माणसं बोलवायची आहेत, कसं करावं?

माळावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पटावरची निम्म्याहून जास्त पोरं मेंढपाळांच्या घरातली.

आमच्या परिपाठात रोज बोधकथा असते. कोल्हा, कावळा, नाहीतर लाकूडतोड्या, आणि शेवटी तात्पर्य. पोरं तात्पर्याची वाट बघत उभी असतात, कारण ते झालं की खाली बसायला मिळतं. हीच पोरं दिवाळीला मंगळवेढ्याकडं हुलजंतीच्या यात्रेला जाऊन आली की महालिंगरायाच्या शिखराला रात्रीतून मुंडास कसं बांधलं जातं, कुठली पालखी कुणाला भेटली, हे मधल्या सुट्टीभर सांगत बसतात. क्रम चुकत नाही, नावं चुकत नाहीत. एक अडखळला की दुसरा पुढं ओढतो.

वस्तीवर ढोलावर ओव्या म्हणणारी वयस्कर मंडळी आहेत. 'सुंबरान मांडलं' म्हणून सुरुवात झाली की तासभर कुणी जागचं हलत नाही. शनिवारी त्यांना शाळेत बोलवायचं माझ्या मनात आहे. नुसती गोष्ट पुस्तकात छापून आणू नये, सांगणारा माणूसच वर्गात यावा, असं माझं मत. पण पोरांनी नुसतं ऐकायचं का? वाचन-लेखनाशी सांधा कसा जोडायचा? साहेब तपासणीला आले तर काय दाखवायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

शेंगाचटणी

सांगणाऱ्याला आधी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढा. तात्पर्य आपोआप निघतं! बाकी बेत एक नंबर, मास्तर.

सीनाकाठी

मास्तर, बोलावणं बायांनाही जाऊ द्या. 'लोककलावंत' म्हटलं की ढोल, डफ, संबळ घेतलेला पुरुषच डोळ्यापुढं येतो.

माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. जात्याच्या खुंट्याला दोघी बसायच्या. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची, तेवढ्यात पहिलीनं जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी सोडायची. पहिली ओळ बहुतेक सगळ्यांच्या तोंडची असायची आणि दुसरी जिची तिनं जोडायची. भाऊ आला नाही, विहीर आटली, नणंद बोलली, पंढरीला जायचं राहिलं, जे मनात असेल ते. अक्षरओळख नसलेल्या बाया रोज पहाटे रचना करत होत्या.

गाय पोतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्यात. वर्गात हीच रीत वापरून बघा. पहिली ओळ आजीनं द्यायची, दुसरी पोरांनी रचायची. लेखनाचा सांधा तिथंच जुळेल.

सात_रस्ता

मी विरोधात बोलतो, राग मानू नका. चौथीच्या पोराला दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही, अशी तक्रार सगळीकडं आहे. गरिबाच्या पोराकडं शाळेचे मोजके तास असतात. श्रीमंताची पोरं त्या वेळात इंग्रजी आणि गणित शिकणार आणि आपल्या पोरांना आपण ओव्या ऐकवणार? घरी जे मिळतंच ते शाळेत परत का? जे घरी मिळत नाही ते द्यायला शाळा आहे.

माळावरचा_मास्तर

@सात_रस्ता, तुमची काळजी माझीही आहे. पण वाचायला शिकवताना मला काय दिसलं ते सांगतो.

एका पोराला पाठ्यपुस्तकातली चार ओळींची गोष्ट वाचवेना. त्याला म्हटलं, तुमच्या मेंढरावर लांडगा आला होता ते सांग. तो सांगत गेला, मी फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहीत गेलो. 'वाघर' (मेंढरांभोवती लावायची जाळी), 'कोकरू', 'बापू वरडला', सगळं जसंच्या तसं. मग त्याच्या हातात छडी दिली आणि वाच म्हटलं. पहिल्यांदा पाठांतरानं गेला, मधेच एका शब्दावर थांबला, बोट ठेवून म्हणाला, "गुरुजी, इथं 'वाघर' न्हाई, 'वाघरा' पायजे. लई हुत्या." काना नाही हे त्यानं पकडलं! ज्याला वाचता येत नाही असा शेरा होता त्या पोरानं हे केलं.

घरचं शाळेत आणायचं ते घरच्यावर थांबायला नाही. त्या खांबाला धरून पोरगं वर चढतं.

सात_रस्ता

हे पटण्यासारखं आहे. पण ही तुमची मेहनत झाली, ओवीवाल्याची नव्हे. तो आला नाही तरी हे होईल.

वाचनालयातला

सात_रस्ता, ओवीवाला आल्यानं काय वेगळं होतं ते मी सांगतो. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्यांवर आयुष्याचा मोठा भाग घालवला. या सांगण्यात प्रसंग आधी गाऊन होतो, झीलकरी ओळ उचलून धरतात, आणि मग तोच प्रसंग साध्या बोलण्यात उलगडून सांगतात. परत गाणं, परत बोलणं. म्हणजे एकच गोष्ट ऐकणाऱ्याच्या कानावरून दोन वेगळ्या रूपांत जाते. जो गाण्यात चुकला तो बोलण्यात सापडतो. शिवाय झील धरणारा पोरगा गप्प बसूच शकत नाही, त्याचं लक्ष शेवटच्या शब्दावर असावंच लागतं. शिक्षकाला वर्ग जागा ठेवायला याहून चांगली युक्ती कोण शिकवणार?

हरिदासी_परंपरा

कीर्तनातही अशीच बांधणी आहे. आमच्या घरात नारदीय कीर्तन आहे म्हणून अधिकारानं लिहिते. पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचा विचार मांडायचा, मध्ये नामस्मरण, बुक्का, आणि उत्तररंगात तोच विचार दाखवणारं आख्यान. मोठ्यांसाठी हा क्रम उत्तम. लहानांच्या शिबिरात मात्र मी आख्यान आधी घेते. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची धान्याची कोठारं दुष्काळात लोकांना उघडून दिली, ही कथा सांगायची आणि ऐन बेदरच्या बादशहाचं बोलावणं येतं तिथं थांबून विचारायचं: धान्य सरकारचं, माणसं उपाशी, तुम्ही काय कराल? पोरं भांडतात! 'राजाला विचारायला पाहिजे होतं' म्हणणाराही गट निघतो. मग पुढची कथा. तात्पर्य सांगायची वेळच येत नाही, मास्तर. सांगूच नका.

शेंगाचटणी

हरिदासीताई, थांबायचं कुठं हे कळणं हीच खरी विद्या. आमची आजी कोड्यांचं असंच करायची. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे', आणि उत्तर न देता झोपून जायची. आम्ही रात्रभर तळमळत. सकाळी दात घासताना सापडलं!

पूर्वभाग

सोलापूरच्या पूर्व भागातला पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातला. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-कन्नड-दख्खनी, शाळेत मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा अख्खा भाग रस्त्यावर असतो.

आमची मूळकथा, म्हणजे मार्कंडेय आणि भावनाऋषी यांची, तेलंगणात कूनपुली नावाचे कथेकरी चित्रपट उलगडून सांगतात. चित्रपट म्हणजे लांबच लांब कापडी पट्टा, चेरियाल गावचे नकाशी घराण्यातले चित्रकार रंगवतात. खादीला तांदळाची पेज, पांढरी माती आणि चिंचोक्याची खळ लावून कापड तयार करायचं, मग लाल पार्श्वभूमीवर एकाखाली एक प्रसंग. कथेकरी एकेक पट्टी खाली सोडतो, बोट ठेवतो, गातो. पुढच्या पट्टीवर काय आहे ते गुंडाळीत असतं. पोरांची मान तिथंच.

आमच्या भागात मागावर, विडी कारखान्यात राबलेल्या आज्यांकडं ही कथा आहे, पण नातवंडांची तेलुगू तुटत चाललीय. शाळेत आजीला बोलावलं तर ती तेलुगूत सांगेल. चालेल का मास्तर तुमच्या मराठी शाळेला?

नागणसूरचा_पावणा

चालायलाच पाहिजे की ओ! आमच्या अक्कलकोट तालुक्यात मराठी शाळेतबी निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार, त्यांची वचनं कन्नडच. त्यांच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. हे सगळं मराठी-कन्नड दोन्ही घरातली पोरं बघतात. मी पोरांना सांगतो, अज्जीकडून कन्नडात ऐकून या, इथं मराठीत सांगा. मधे काय सांडतं, काय नवं भरतं, त्यावर मस्त तास होतो. एक पोरगी म्हणाली, "सर, कन्नडात ती रडते, मराठीत नुसती दुःखी होते." तिला काय शिकवायचं राहिलं सांगा.

कुडाळवरून

सोलापूरच्या धाग्यात कोकणातून डोकावतो. आमच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्याही. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय, शाळांच्या सहली येतात. सहल येऊन अर्ध्या तासात जाते, ते पुरत नाही. मास्तरांची दर शनिवारची कल्पना जास्त भावली.

विवेकवाट

कौतुकाच्या लाटेत एक प्रश्न. बिरोबा, महालिंगराया, यल्लमा या देवांच्या कथा. घटनेच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि परंपरा म्हणून सगळंच वर्गात घेणार का? पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो, तेही? भाकणूक? पुढच्या वर्षी पाऊस कसा ते देवाच्या तोंडून ऐकवणार पोरांना?

माळावरचा_मास्तर

@विवेकवाट, पोतराज नाही. पोरांपुढं स्वतःला मारून घेणारा माणूस उभा करणार नाही, आणि त्या घरातल्या पोरानं तो पट्टा हातात घेऊ नये म्हणूनच शाळा आहे. देवाचं म्हणाल तर पूजा, नवस, भंडारा लावणं शाळेच्या आवारात होणार नाही हे मंडळींशी आधीच बोलेन. कथा मात्र घेईन. त्या कथेत चारा कुठं होता, दुष्काळात कळप कुठल्या वाटेनं गेला, पाण्यावरून भांडण कसं मिटलं हे सगळं आहे. तो या माळाचा इतिहास आहे, पुस्तकात तो मिळत नाही.

रब्बीवाला

भाकणुकीवरून सुचलं. मी शेतकरी, मुलगी सातवीत. तिच्या विज्ञानाच्या सरांनी पावसाची नक्षत्रं वर्गात घेतली. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून जातो, ३६० भागिले २७ म्हणजे एका नक्षत्राला सव्वातेरा अंशांहून किंचित जास्त, म्हणून एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस. मृग जूनच्या ७-८ तारखेला का लागतो ते असं गणितातून निघालं. मग घरातल्या म्हाताऱ्यांकडून म्हणी गोळा केल्या, 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' वगैरे. पुढं पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, कोल्हा, आणि त्यावरून पावसाचा अंदाज. सरांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. पर्जन्यमापक आणून अंगणात ठेवला. पोरं नक्षत्रवार मिलिमीटर लिहितात आणि शेजारच्या रकान्यात वाहन. वाहनाचं भाकीत जुळत नाही हे पोरांनीच वहीतून दाखवलं. पण स्वातीच्या म्हणीत दम आहे हेही त्यांनीच काढलं, कारण ऑक्टोबरच्या शेवटी ओल मिळाली तर आपल्या रब्बी ज्वारीचं साधतं. आजोबाचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे पोरांनी मापून ठरवलं. @विवेकवाट, हे चालेल ना?

विवेकवाट

चालेल नव्हे, प्रत्येक शाळेत व्हायला पाहिजे. कृपया त्या वहीच्या पानाचा फोटो टाका.

हुरडा_बहाद्दर

रब्बी ज्वारीचा विषय निघालाच आहे तर, मालदांडी मंगळवेढ्याची की मोहोळची?

रब्बीवाला

वाण निवडून काढला मोहोळच्या संशोधन केंद्रानं, चव मंगळवेढ्याच्या काळ्या रानाची. दोन्ही तालुके खूश. आता धागा मास्तरांना परत द्या.

अनघा_ऑकलंड

मूळची सोलापूरची, सध्या न्यूझीलंडमध्ये बालवाडी शिक्षिका. इथं १९८२ साली माओरी समाजानं कोहांगा रेओ नावाच्या बालवाड्या सुरू केल्या. मुलांची मातृभाषा तुटत होती, तेव्हा आजी-आजोबांनाच बालवाडीत आणून बसवलं. अभ्यासक्रम नंतर आला, आधी माणसं आली. १९८७ मध्ये माओरी भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला, त्यामागच्या रेट्यात या चळवळीचाही वाटा आहे.

इथं काम करताना एक शिस्त अंगवळणी पडली. ज्या घराण्याची, ज्या टोळीची कथा, तिला विचारल्याशिवाय ती वर्गात वापरायची नाही. उत्तर अमेरिकेतल्या अनेक आदिवासी समाजांत काही कथा फक्त हिवाळ्यातच सांगतात. आपल्याकडंही श्रावणातल्या कहाण्या वार पाहूनच होतात, आदितवारची सोमवारी कुणी काढत नाही. म्हणून मास्तर, तुमच्या ओवीकार मंडळींना आधी विचारा: कुठली कथा पोरांपुढं सांगायची, कुठली फक्त देवळापुढं, कुठली रेकॉर्ड करायची नाही. मोबाइल चालू करण्याआधी विचारा.

पालावरचा

बरंच वाचलं. आता माझं ऐका.

मी गोंधळी समाजातला. आजा संबळ वाजवायचा, बाप वाजवायचा, मी पदवीधर आहे आणि नोकरी करतो. आम्ही रात्र रात्र आख्यान लावलं, लोकांनी ओवाळणी टाकली, सकाळी त्याच गावच्या शाळेत बाप मला घेऊन गेला तर जन्माचा दाखला मागितला, रहिवासी मागितला. आमचा जन्म पालात. दाखला कुठला? शाळेचं नाव घेत नाही, एकच शाळा नव्हती. गोंधळी, वासुदेव, नंदीवाले, बहुरूपी, जोशी, ज्यांच्या तोंडी तुमच्या या सगळ्या कथा आहेत त्यांची पोरं वर्गाबाहेर आणि कथा वर्गात, असं होणार असेल तर मला ते नको.

याच सोलापुरात सेटलमेंट होती. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेऱ्या घेतल्या. देश स्वतंत्र झाल्यावरही १९५२ पर्यंत तो कायदा गेला नाही. त्या कुंपणातल्या आजोबांकडंही गोष्टी आहेत. त्या ऐकायची तयारी आहे का वर्गाची? की फक्त रंगीत कपड्यातला वासुदेव पाहिजे, मोरपिसांची टोपी घालून, स्नेहसंमेलनाला?

मास्तरांबद्दल तक्रार नाही. त्यांचं मन साफ दिसतंय. पण बोलावणार असाल तर मानधन आधी ठरवा, आणि ते पाकिटात घालून सगळ्यांपुढं द्या. फळ्यावर पाहुण्याचं नाव लिहा, आडनावासकट. खुर्ची द्या. 'कलाकार आलेत, त्यांना बाहेर ओट्यावर बसवा' असं आमच्या बापानं आयुष्यभर ऐकलं.

सीनाकाठी

पालावरचा दादा, हे धाग्याच्या सुरुवातीलाच यायला पाहिजे होतं.

सात_रस्ता

हा प्रतिसाद वाचून माझं मत हललं. मी तास वाया जाण्याचा हिशेब करत होतो. ज्याचा बाप वर्गात खुर्चीवर बसलेला पोरगं बघेल, ते शाळेत टिकेल, हा मुद्दा मी धरलाच नव्हता.

निवृत्त_केंद्रप्रमुख

दाखल्याचं आधी. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात घ्यायचं. कुणी कागद मागून परत पाठवलं तर हे कलम लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलू नका.

आता मास्तर. शासनाचा आनंददायी शनिवार उपक्रम आहेच, त्यात बसवा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये कथाकथनातून अध्यापन आणि स्थानिक जाणकारांना शाळेत आणणं, दोन्ही आहे, तेव्हा परवानगीची धास्ती नको. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, त्यात मानधनाची रक्कम लिहा. सादिल, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चाला मिळणारे पैसे, अपुरं पडतं हे मला ठाऊक आहे, म्हणून लोकसहभागाचा उल्लेख ठरावातच करा, पावती-व्हाउचर ठेवा. तपासणीला फोटो दाखवू नका, पोरांच्या वह्या दाखवा. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत, त्यातल्या गावांचा नकाशा, मेंढरांचा हिशेब, न कळलेला एक प्रश्न. चार पानं वाचली की साहेब गप्प होतात. मी व्हायचो.

माळावरचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन्ही शिक्षकांनी बसून ठरवलं ते लिहितो.

पहिला शनिवार ओवीकार मंडळींचा. कुठली कथा सांगायची ते तेच ठरवतील, रेकॉर्डिंग त्यांनी हो म्हटलं तरच. पोरं झील धरतील. मधे एका जागी थांबायचं, पुढं काय झालं असेल ते पोरांनी सांगायचं. सोमवारी तीच कथा पोरांच्या तोंडून फळ्यावर उतरवून वाचन. दुसरा शनिवार ओवी म्हणणाऱ्या आज्यांचा, पहिली ओळ त्यांची, दुसरी पोरांची. मृगापासून पर्जन्यमापक. परिपाठातली बोधकथा चालू राहील, तात्पर्य बंद. समितीच्या बैठकीत ठराव ठेवतोय, मानधनासकट.

पालावरचा दादा, गावाच्या कडेला दर वर्षी दिवाळीनंतर पालं पडतात. या वेळी मी स्वतः पालावर जाऊन पोरांची नावं टाकून घेणार. आणि तुम्ही एका शनिवारी आमच्याकडं यावं. संबळ आणलात तर आनंद, नाही आणलात तरी या. तुमचं शिक्षण कसं झालं तेवढं सांगा.

पालावरचा

येतो. संबळ बापाचा आहे, बापालाच घेऊन येतो. तुमच्या ठरावात दोन माणसांचं लिहा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

आणि एसटीचं भाडं वेगळं लिहा, मास्तर. मानधनातून कापू नका.